सूर्याचं प्रभामंडल: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरातून सूर्याचं प्रभामंडल दिसतं का? पाण्याच्या टाकीआड सूर्य लपवला तर?

नाही दिसत. टाकीआड लपवा, खांबाआड लपवा, उपयोग नाही.

प्रभामंडल, म्हणजेच करोना, सूर्याच्या कडेलगतसुद्धा सूर्यबिंबाच्या जेमतेम दहा लाखाव्या भागाइतकं उजळ असतं. सगळं मिळून त्याचा उजेड साधारण पौर्णिमेच्या चंद्राएवढा. अडचण त्याच्या अंधुकपणाची नाही, आपल्या आकाशाच्या उजेडाची आहे. सूर्याभोवतीचं आकाश अगदी उंच डोंगरावर, धुळीविना असेल तेव्हा कुठे प्रभामंडलाच्या बरोबरीला येतं. एप्रिल-मेमध्ये सोलापूरच्या हवेत जी धूळ असते, तिच्यामुळे हे आकाश प्रभामंडलापेक्षा शेकडो पट उजळ होतं.

टाकीच्या कडेआड सूर्य पूर्ण झाकला की भोवती जी पांढरी झळाळी दिसते, ती आपल्याच हवेतल्या धुळीची. खात्री करायची असेल तर मृगाचा एखादा चांगला पाऊस होऊन ऊन पडल्यावर त्याच जागेवरून पाहा. झळाळी आटलेली असते, आकाश कडेपर्यंत निळं दिसतं. सूर्याचं प्रभामंडल पावसाने धुतलं जात नाही, त्यामुळे जे कमी झालं ते सूर्याचं नव्हतं. हे करताना बिंबाची कडसुद्धा डोळ्याला दिसता कामा नये.

मग चकती लावून दुर्बिणीतच कृत्रिम ग्रहण करता येणार नाही का?

कल्पना बरोबर आहे. फ्रान्सच्या बर्नार लिओ यांनी १९३० साली पिक द्यू मिदीच्या शिखरावर हेच केलं. पण त्यासाठी त्यांना दोन गोष्टी सांभाळाव्या लागल्या. पहिली, भिंगावर एक ओरखडा, काचेत एक बुडबुडा किंवा धुळीचा एक कण राहिला तरी त्यावरून विखुरणारा उजेड प्रभामंडलाला गिळून टाकतो. दुसरी, भिंगाची गोल कडच प्रकाश वाकवून आत फेकते, म्हणून त्या कडेची प्रतिमा जिथे पडते तिथे ती झाकणारी आणखी एक झडप बसवावी लागते. ही झडप बहुतेक घरगुती प्रयोगांत राहून जाते.

ही दोन्ही पथ्यं पाळली तरी सोलापूरच्या गच्चीवरून आकाशाचा उजेड आडवा येणारच. अरुंद पट्ट्याचा लाल फिल्टर जोडला तर कडेवरच्या सौरशिखा (सूर्याच्या कडेवरून उठणारे वायूचे झोत आणि कमानी) मात्र दिसू शकतात. युरोपच्या 'प्रोबा-३' मोहिमेने चकतीच दुर्बिणीपासून सुमारे १५० मीटर दूर नेली: एका यानाने सूर्य झाकायचा, दुसऱ्याने पाहायचं. ही जोडी डिसेंबर २०२४ मध्ये श्रीहरिकोट्याहून आपल्याच पीएसएलव्हीने सोडली.

सोलापुरात खग्रास ग्रहण कधी?

नजीकच्या काळात नाही. १६ फेब्रुवारी १९८० चा खग्रास पट्टा कारवार, रायचूर असा आपल्या दक्षिणेकडून ओडिशाकडे गेला. १९९५, १९९९ आणि २००९ चे पट्टे उत्तरेकडून गेले. या सगळ्या वेळी सोलापुरात खंडग्रासच होतं आणि खंडग्रासात प्रभामंडल दिसत नाही. ९९ टक्के सूर्य झाकला तरी उरलेला एक टक्का प्रभामंडलाच्या हजारो पट उजळ असतो.

भारतातून पुढचं खग्रास २० मार्च २०३४ रोजी, तेही कारगिलच्या बाजूला. २ ऑगस्ट २०२७ च्या ग्रहणाचा खग्रास पट्टा स्पेन, इजिप्त, सौदी अरेबियावरून जातो. लक्सरजवळ खग्रास स्थिती सहा मिनिटांहून जास्त टिकेल. सोलापुरात ते दुपारनंतर खंडग्रास, आणि तेही पावसाळी ढगांनी परवानगी दिली तर.

सूर्याचं वातावरण म्हणजे नक्की कुठून कुठपर्यंत?

आपल्याला जे बिंब दिसतं तो दीप्तगोल. त्याचं तापमान साधारण ५,५०० अंश सेल्सिअस. त्यावर सुमारे ५०० किमी जाईपर्यंत तापमान उतरतं, ४,००० अंशांच्या आसपास येतं. मग वर्णगोल: जाडी साधारण २,००० किमी, तापमान हळूहळू चढत वीसेक हजारांपर्यंत. त्यानंतर जेमतेम शंभरेक किलोमीटरच्या पातळ संक्रमण थरात तापमान एकदम दहा लाखांवर उडी घेतं आणि प्रभामंडल सुरू होतं. प्रत्यक्षात हे थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सरळ नसतात. सगळीकडे टोकं, कमानी, झोत असतात.

वरची सीमा ठरवायची तर एक चांगली खूण आहे. जिथपर्यंत चुंबकीय क्षेत्र द्रव्याला बांधून ठेवतं तिथपर्यंत प्रभामंडल, त्यापलीकडे सुटलेला सौरवारा. नासाच्या 'पार्कर' यानाने ही सीमा पहिल्यांदा २८ एप्रिल २०२१ रोजी ओलांडली, तेव्हा ते सूर्याच्या केंद्रापासून १८.८ सौरत्रिज्या अंतरावर होतं. सीमा वेडीवाकडी निघाली. यान काही तासांत आत-बाहेर झालं.

तिथे दहा-वीस लाख अंश आहेत, मग यान वितळत कसं नाही?

तापमान म्हणजे एकेका कणाचा वेग, आणि उष्णता म्हणजे असे किती कण येऊन आदळतात त्याचा हिशेब. फुलबाजीची ठिणगी हजार अंशांची असून हातावर पडली तरी भाजत नाही, कारण तिच्यात द्रव्यच चिमूटभर असतं.

आता आकडे बघा. आपण श्वास घेतो त्या हवेच्या एका घन सेंटीमीटरमध्ये सुमारे २५ वर १८ शून्यं इतके रेणू असतात. प्रभामंडलाच्या तळाशी तेवढ्याच जागेत दहा कोटी ते शंभर कोटी इलेक्ट्रॉन. प्रयोगशाळेतल्या बऱ्याच निर्वात पंपांना एवढी विरळ स्थिती जमत नाही. पार्कर यान जिथे पोचलं तिथे तर घनता आणखी कितीतरी कमी.

यानाला खरा धोका त्या लाखो अंशांच्या वायूचा नसून खालून येणाऱ्या साध्या सूर्यप्रकाशाचा आहे. त्यासाठी ११.४ सेंमी जाडीची कार्बनची ढाल आहे, सुमारे १,३७० अंश सहन करेल अशी. ढालीमागची उपकरणं घरातल्या तापमानाजवळ राहतात. २४ डिसेंबर २०२४ रोजी यान सूर्याच्या पृष्ठभागापासून ६१ लाख किमीवरून, ताशी सुमारे ६.९ लाख किमी वेगाने गेलं. आपली वाट स्वतःच दुरुस्त करण्याची सोय त्यात आहे. ढालीच्या सावलीबाहेर काही आलं तर पृथ्वीकडे विचारत बसायला वेळ नसतो.

पृष्ठभाग थंड आणि वरचं वातावरण तापलेलं, हे उलटं कसं?

उष्णता आपणहून थंडाकडून गरमाकडे जात नाही, हा नियम सूर्यालाही लागू आहे. म्हणजे प्रभामंडल पृष्ठभागाच्या उजेडाने तापलेलं असूच शकत नाही. ऊर्जा वेगळ्या वाटेने, उष्णतेच्या रूपात न येता, वर जाऊन तिथे उष्णता बनते. ती वाट चुंबकीय क्षेत्राची, याबद्दल आता दुमत नाही.

दीप्तगोलावर साधारण हजार किलोमीटर रुंदीचे वायूचे बुडबुडे सतत वर येतात, आठ-दहा मिनिटांत विरतात. चुंबकीय रेषांचे पाय याच खळबळीत रोवलेले. पाय हलले की वरच्या कमानी ओढल्या जातात, पिळल्या जातात, एकमेकींत गुंततात. त्यात ऊर्जा साठते.

किती ऊर्जा लागते? शांत भागातलं प्रभामंडल तापत ठेवायला दर चौरस मीटरमागे सुमारे ३०० वॅट, सौरडागांवरच्या भागात सुमारे १०,००० वॅट. दीप्तगोलातून बाहेर पडणारा प्रकाश मात्र चौरस मीटरला सहा कोटी वॅटहून जास्त. म्हणजे पुरवठ्याची टंचाई मुळीच नाही. प्रश्न आहे तो साठलेली ऊर्जा नेमकी कशी सुटते, याचा.

दुसरी बाजू सहसा कुणी सांगत नाही. प्रभामंडल तापतं एवढंच नाही, त्याला गार होणंही जड जातं. वायू इतका विरळ की उजेड फेकून थंड होण्याची त्याची ताकद कमी, आणि तापमान लाखावर गेलं की ती आणखी घटते. मग बरीचशी उष्णता खाली वर्णगोलाकडे वाहते आणि तिथला दाट वायू ती फेकून देतो. संक्रमण थर इतका पातळ का, याचं उत्तर यातच आहे.

"कोडं अखेर सुटलं" अशी बातमी दर वर्षी येते. खरं काय?

अशा मथळ्यांवर भिस्त ठेवू नका. दोन उमेदवार आहेत आणि दोघांनाही पुरावे आहेत. एक, हान्नेस आल्फवेन यांनी १९४२ मध्ये मांडलेल्या चुंबकीय लहरी. याच कामासाठी त्यांना १९७० चं नोबेल मिळालं. दोन, युजीन पार्कर यांच्या 'नॅनोज्वाला': पिळलेल्या रेषा तुटून नव्याने जोडल्या जाताना होणारे असंख्य छोटे स्फोट. 'छोटे' म्हणजे मोठ्या सौरज्वालेच्या (सूर्यावरच्या अचानक भडक्याच्या) अब्जांश. एकेक सुटा दिसत नाही, म्हणून त्यांची गणती अवघड. कोणत्या भागात कुणाचा वाटा किती, यावर अजून वाद आहे: भांडण आता 'कोण' यापेक्षा 'किती' याचं उरलं आहे.

इतक्या दुरून तापमान मोजलं कसं?

थर्मामीटरने अर्थातच नाही, उजेड फोडल्यावर दिसणाऱ्या रंगरेषांवरून. ही गोष्ट आपल्या शेजारूनही जाते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणासाठी ब्रिटिश तुकडी विजापूरच्या पलीकडे जमखंडीला तळ ठोकून होती आणि फ्रान्सचे खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला. सौरशिखांच्या वर्णपटात तेव्हा जी पिवळी रेषा दिसली तिच्यावरून पुढे हेलियमचा शोध लागला. हेलियम पृथ्वीवर सापडायला १८९५ उजाडलं.

पुढच्याच वर्षी, १८६९ च्या अमेरिकेतल्या ग्रहणात प्रभामंडलात ५३०.३ नॅनोमीटरला एक हिरवी रेषा मिळाली. कोणत्याच ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून 'कोरोनियम' हे नवं मूलद्रव्य कल्पिलं गेलं आणि सत्तर वर्षं ते पुस्तकांत ठाण मांडून बसलं. जर्मनीच्या ग्रोट्रियान यांनी दिशा दाखवली आणि स्वीडनच्या एडलेन यांनी १९४० च्या सुमारास सिद्ध केलं की हे साधं लोखंडच आहे, फक्त त्याचे २६ पैकी १३ इलेक्ट्रॉन गळालेले. एवढे इलेक्ट्रॉन उडवायला दहा-वीस लाख अंश लागतात. ६३७.४ नॅनोमीटरची लाल रेषा ९ इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची, म्हणजे जरा 'गार' भागाची. हिरव्या आणि लाल रेषांची तुलना केली की कुठला भाग जास्त तापलेला ते कळतं.

ग्रहणाच्या फोटोत प्रभामंडल पांढरं का दिसतं?

तो मुख्यतः सूर्याचाच उजेड आहे, मोकळ्या इलेक्ट्रॉनांवरून विखुरलेला. बाहेरच्या भागात ग्रहांमधल्या धुळीवरून विखुरलेला उजेड वरचढ होतो. हिरव्या-लाल रेषांचा वाटा थोडा असतो.

त्याचा आकार प्रत्येक ग्रहणात वेगळा का?

सुमारे अकरा वर्षांच्या सौरचक्रामुळे. चक्र भरात असताना डाग पुष्कळ, आणि प्रभामंडलाच्या शेंड्या चहूबाजूंनी. मंदीत त्या विषुववृत्ताच्या दोन बाजूंना लांबतात आणि ध्रुवांवर बारीक पिसारे दिसतात. सध्याचं २५ वं चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं, ऑक्टोबर २०२४ मध्ये ते भरात असल्याचं जाहीर झालं. ज्या जागी चुंबकीय रेषा परत न वळता अवकाशात उघड्या सुटतात, तिथे एक्स-किरणांच्या फोटोत काळे डाग दिसतात. त्यांना प्रभामंडलातली विवरं म्हणतात. वेगवान सौरवारा, सेकंदाला ७००-८०० किमी, तिथूनच निघतो. मोठं विवर टिकलं तर सुमारे २७ दिवसांनी तेच पुन्हा आपल्यासमोर येतं.

आदित्य-एल१ सूर्यावर उतरलं का?

नाही, उतरणारही नाही. २ सप्टेंबर २०२३ ला निघालेलं इस्रोचं हे यान ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून १५ लाख किमीवरच्या एल१ बिंदूभोवतीच्या (सूर्य-पृथ्वीच्या ओढीचा तोल साधणाऱ्या जागेभोवतीच्या) कक्षेत पोचलं. सूर्यापर्यंतच्या वाटेचा हा एक टक्का. फायदा जवळिकीचा नाही. तिथून रात्र-ग्रहण न होता सूर्य सलग दिसतो, हा आहे.

त्यावरच्या सात उपकरणांपैकी प्रभामंडलासाठी महत्त्वाचं म्हणजे बेंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेचं व्हीईएलसी. ते सूर्य झाकून १.०५ सौरत्रिज्येपासून ३ सौरत्रिज्येपर्यंत पाहतं, आणि त्यात वर सांगितलेली ५३०.३ ची हिरवी रेषाही आहे. इतक्या कडेलगत पाहणं फार थोड्या उपकरणांना जमतं. पुण्याच्या आयुकाने केलेलं 'सूट' दीप्तगोल आणि वर्णगोल अतिनील प्रकाशात टिपतं. इस्रोच्या 'प्रदान' संकेतस्थळावर विदा (डेटा) खुली आहे.

सोलापूरचा पारा ४३ वर जातो, त्याला सौरज्वाला कारणीभूत आहेत का?

नाहीत. सूर्याची एकूण ऊर्जा पूर्ण चक्रात फक्त ०.१ टक्क्याने बदलते. आपला उन्हाळा सूर्याच्या उंचीचा आणि कोरड्या हवेचा आहे: १०-११ मेच्या सुमारास सोलापुरात सूर्य दुपारी साडेबाराला थोडी मिनिटं असताना थेट डोक्यावर येतो.

ज्वाला आणि प्रभामंडल उत्सर्जन एकच ना?

नाही, पण बऱ्याचदा जोडीने येतात. ज्वाला म्हणजे प्रकाशाचा, मुख्यतः एक्स-किरणांचा भडका. तो आपल्यापर्यंत ८ मिनिटं २० सेकंदांत पोचतो. उत्सर्जन म्हणजे द्रव्य: शंभर कोटी टनांच्या घरातला, चुंबकीय क्षेत्रासह सुटलेला वायू, यायला बहुधा एक ते तीन दिवस लागतात. १८५९ च्या कॅरिंग्टन वादळात तो साडेसतरा तासांत आला होता. ज्वालांच्या प्रती ए, बी, सी, एम, एक्स. दर पायरीला दहापट. उत्सर्जनाचं नुकसान त्याच्या आतल्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेवर ठरतं: ते दक्षिणेकडे असेल तर पृथ्वीच्या क्षेत्राशी जुळून आत ऊर्जा ओततं, उत्तरेकडे असेल तर मोठं वादळही बऱ्यापैकी निभावतं. उत्सर्जन एल१ जवळच्या यानांपर्यंत पोचेपर्यंत ही दिशा नीट कळत नाही, म्हणून खात्रीचा इशारा तासाभराच्या आसपासच मिळतो.

प्रभामंडल दिसत नाही ठीक, पण घरबसल्या त्याचं काही मोजता येईल का?

येईल, आणि खर्चाच्या मानाने हा प्रयोग सगळ्यांत उत्तम. ज्वालेचे एक्स-किरण पृथ्वीच्या वातावरणात ६० ते ९० किमी उंचीवरचा डी-थर (विद्युतभारित कणांचा थर) अचानक दाट करतात. अतिकमी कंप्रतेच्या रेडिओ लहरी याच थरावरून परततात. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ नौदलाचं प्रक्षेपण केंद्र १८.२ किलोहर्ट्‌झवर चालतं. सोलापूरपासून सुमारे हजार किमी, जवळपास सरळ दक्षिणेला. त्याच्या संदेशाची तीव्रता नोंदवत राहायचं. मजकूर उलगडायचा नाही.

लाकडी पट्ट्यांची एक मीटर बाजूची चौकट करा. तिच्यावर ०.५ मिमीच्या एनॅमल तांब्याच्या तारेचे ४० वेढे. तार १६० मीटर लागते, वजनाने पाव किलोहून थोडी जास्त. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मिळते. समांतर कपॅसिटर १० नॅनोफॅराडच्या आसपास. संदेश सगळ्यांत उंच येईपर्यंत मूल्य बदलून पाहा. पुढे छोटा प्रवर्धक, मग संगणकाचं साउंड कार्ड. ते ४८ किलोहर्ट्‌झने नमुने घेत असेल तर २४ किलोहर्ट्‌झपर्यंत दिसतं, तेवढं पुरतं. स्पेक्ट्रम लॅबसारखी प्रणाली दर पाच सेकंदांना तीव्रता लिहून ठेवते. चौकट उभी, आणि तिचं पातं दक्षिणोत्तर. पूर्व-पश्चिम फिरवली तर संदेश जवळजवळ नाहीसा होतो; दिशा बरोबर असल्याची तीच परीक्षा.

बिघडतं ते बहुतेक वेळा विजेच्या गोंगाटाने. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, इन्व्हर्टर, लॅपटॉपचा चार्जर हे पहिले संशयित. चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा. शेजारी यंत्रमागाचा कारखाना असेल तर चौकट गच्चीच्या दूरच्या कोपऱ्यात न्या आणि मधली वायर शील्डची वापरा. गोंगाट माग बंद असतानाच कमी होत असेल तर दोष तुमच्या जोडणीत नाही.

ज्वालेची सही ओळखायला सोपी आहे: रेघ काही मिनिटांत चढते (कधी उतरतेही, ते अंतरावर आणि वेळेवर अवलंबून) आणि सावकाश पूर्वपदावर येते, घसरगुंडीसारखी. सूर्योदय-सूर्यास्ताला रोज होणारे चढउतार ज्वाला नव्हेत. एका क्षणात तळाला जाऊन तशीच राहिलेली रेघ म्हणजे केंद्राने प्रक्षेपण थांबवलं. वळवाच्या दिवसांत विजांच्या उभ्या काड्या दिसतात, त्या सोडून द्या. रात्री डी-थर विरतो, त्यामुळे प्रयोग दिवसाचाच. शेवटी अमेरिकेच्या गोज उपग्रहांचा एक्स-किरण आलेख उघडून वेळ ताडून पाहा. तिथल्या वेळेत साडेपाच तास मिळवायला विसरू नका. "माझी ज्वाला जुळत नाही" या तक्रारींचं पहिलं कारण हेच. सी प्रतीच्या लहान ज्वाला बऱ्याचदा निसटतात, एम आणि एक्स सहसा चुकत नाहीत.

हायड्रोजन-अल्फा दुर्बिणीत दिसतं ते प्रभामंडल का?

नाही, तो वर्णगोल. ६५६.२८ नॅनोमीटरच्या लाल रेषेत कडेवरच्या शिखा आणि बिंबावरचे काळे तंतू दिसतात. सूर्योदयानंतरच्या पहिल्या दोन तासांत पाहा. पुढे स्लॅब आणि काळी जमीन तापून प्रतिमा उकळू लागते.

चष्मा, वेल्डिंगची काच, एक्स-रे फिल्म यांपैकी काय चालतं?

आयएसओ १२३१२-२ प्रमाणित चष्मा किंवा १४ नंबरची वेल्डिंग काच. एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी, गॉगल यांतून अवरक्त किरण जातात. झगमगाट कमी झाल्याने बाहुली मोठी होते आणि इजा आणखी वाढते. दुर्बिणीला फिल्टर पुढच्या तोंडावरच लावायचा. नेत्रिकेत बसवायच्या काचा तापून तडकतात. सूचीछिद्राने सूर्य पाडायचा असेल तर एक मीटरवर ९ मिमीचं बिंब पडतं. चष्मा घालून प्रभामंडल मुळीच दिसणार नाही: खग्रास ग्रहणात बिंब पूर्ण झाकलं गेल्यावर तो काढायचा, पहिली ठिणगी दिसताच परत घालायचा.

ग्रहणात प्रभामंडलातून घातक किरण येतात, म्हणून गरोदर बाईने बाहेर पडू नये?

प्रभामंडल रोज दिवसभर आपल्या डोक्यावर असतं. ग्रहणात ते फक्त दिसतं. त्याचे एक्स-किरण वरच्या हवेतच शोषले जातात. अन्न टाकून द्यायचंही कारण नाही.

सौरवादळात जमीन मोजणीचं रोव्हर (उपग्रहांच्या संदेशांवरून जागा मोजणारं यंत्र) चुकतं का?

चुकू शकतं. मे २०२४ च्या वादळात लडाखच्या हानलेतून लाल ध्रुवीय प्रकाश दिसला. अशा वेळी आयनांबर (वरच्या हवेतला विद्युतभारित भाग) ढवळलं जातं आणि उपग्रहांचे संदेश उशिरा पोचतात. पण आपल्या अक्षांशांवर वादळाविनाही एक त्रास आहे. सौरचक्र भरात असताना मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सूर्यास्तानंतर आयनांबरात बुडबुडे उठतात, संदेश लुकलुकतो आणि रोव्हरचा 'फिक्स' (अचूक स्थान) सुटून 'फ्लोट' (ढोबळ स्थान) होतो. यंत्र खराब समजून दुकानात नेण्याआधी तेच ठिकाण सकाळी मोजा. सकाळी फिक्स टिकला तर यंत्र ठीक आहे. महत्त्वाच्या हद्दीच्या खुणा या महिन्यांत संध्याकाळी सातनंतर घेऊच नयेत. घ्याव्याच लागल्या तर अर्ध्या तासाच्या अंतराने दोनदा घ्याव्यात आणि दोन्हींत फरक दोन-तीन सेंटीमीटरच्या वर गेला तर दोन्ही रद्द समजाव्यात.